हसू आले की तोंडावर हात जाई

मे 2021 च्या पहिल्या आठवड्यात पंचवटीतल्या एका काकूंचा फोन आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) राज्यात तेव्हा कोरोनामुळे कडक निर्बंध होते, माझे सगळे समुपदेशन फोनवरच चालत असे, आणि घरात कशातच मन रमत नाही व चुकून रमलेच तर अपराधी वाटते, हे गाऱ्हाणे मी रोज निरनिराळ्या तोंडून ऐकत होते. काकूंनी ते सर्वांत नेमके मांडले. “मॅडम, परवा नातवाच्या बोबड्या बोलण्यावर खळखळून हसले आणि लगेच तोंडावर हात गेला. भिंतीपलीकडच्या घरातला माणूस जाऊन आठ दिवस नाही झाले. मला हसू येतंच कसं?”

पहाटे गंगेवर जाणे (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो), येताना भाजी घेणे आणि कट्ट्यावर मैत्रिणींशी चार शब्द बोलणे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. त्याला त्यांनी कधी ‘आनंद’ म्हटले नव्हते, त्यामुळे तो बंद झाल्यावर आपले काय गेले हेही त्यांच्या ध्यानात आले नाही. 2020 मध्ये गुढीपाडवा आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस एकाच तारखेला, 25 मार्चला आला, तेव्हा 21 दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून त्यांनी दम धरला होता. दुसऱ्या लाटेपर्यंत तो दम सरला होता.

माझी पहिली चूक इथे कबूल केली पाहिजे. मी त्यांना घरात करता येण्याजोग्या वीस छोट्या सुखांची यादी पाठवली. काकूंनी ती शाळेच्या गृहपाठासारखी करायला घेतली आणि चार दिवसांनी थकलेल्या आवाजात कळवले, “तेरा झाली, सात राहिली.” सुखाचेही ओझेच झाले होते.

मग अपराधीपणाकडे वळलो. त्यांची समजूत घालण्याऐवजी मी विचारले, “तुम्ही हसला नाहीत, तर शेजारच्या वहिनींना त्याचा काय आधार झाला?” बराच वेळ त्या गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, “आधार कसला? त्यांना डबा द्यायचाही राहून गेला. हातच उचलत नाही.” माझ्या मते दुःख आणि ही हातपाय गळण्याची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला पहिलीचा मान देण्याचे कारण नाही.

मन उतरले की माणूस बरे वाटण्याची वाट पाहत बसतो. पीटर लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात याची दुसरी बाजू मांडली: समाधान देणाऱ्या कृती कमी झाल्या की मन खचते, खचलेले मन उरल्यासुरल्या कृतीही सोडून देते, आणि हे चक्र कृतीच्या बाजूने तोडता येते. इच्छा नसताना सुरुवात करायची, इच्छा मागून येते. त्याप्रमाणे काकूंनी नातवाच्या जुन्या वहीत दिवसभरात काय केले आणि त्याने किती बरे वाटले, याला शून्य ते दहा गुण द्यायला सुरुवात केली. मोबाइलवरच्या बातम्यांना शून्य आणि कुंडीतल्या मोगऱ्याला तीन गुण पडले. बातम्या मग संध्याकाळी पंधरा मिनिटांवर आणल्या.

वहीतूनच कुरडयांचा विषय निघाला. दर उन्हाळ्यात दहा किलोच्या करणाऱ्या काकूंनी या वर्षी ‘कोणासाठी करायच्या?’ म्हणून गहू डब्यातून काढलेच नव्हते. मी एक किलोच भिजवायला सांगितले. कुरडई घाई चालवून घेत नाही, हे माझ्या पथ्यावर पडले. तीन दिवस गहू भिजवून रोज पाणी बदलायचे, वाटून चीक पिळायचा, रात्रभर ठेवून वरची निवळ ओतून टाकायची आणि मग आधणात गुठळी न होऊ देता घोटत राहायचे. त्या घोटण्यात हातांना इतके काम असते की मनाला बातम्यांकडे धावायला सवड मिळत नाही. पातेल्याच्या कडेचा गरम चीक वाटीत काढून त्यावर तूप सोडले, तेव्हा नातू वाटीत बोट बुडवून ‘गलम, गलम’ म्हणत ओरडला आणि काकू हसल्या. या वेळी एका हातात डाव होता आणि दुसऱ्या हातात वाटी, असे त्यांनी स्वतःच मला सांगितले.

प्रत्येकाचे एवढ्यावर भागत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस उरला नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर वही पुरेशी नाही, मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवे. आता 14416 या क्रमांकावर टेली-मानसची शासकीय मदतही मिळते.

जूनमध्ये काकूंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वाळलेल्या कुरडयांपैकी निम्म्या त्यांनी शेजारच्या वहिनींच्या दाराला पिशवीतून अडकवल्या होत्या आणि दोघी आपापल्या उंबऱ्यात उभ्या राहून अर्धा तास बोलल्या होत्या, रडल्याही होत्या. त्या बोलण्यापुढे गुणांची जागा कोरी होती. कुरडयांपुढे सहा लिहून ते खोडून पाच केले होते, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते, ‘मीठ कमी पडले.’