ऑपरेशनआधी धावू का?

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणून बूट माळ्यावर टाकू नकोस. डॉक्टरांनी थांबवलं नसेल तर धाव, फक्त शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना तू धावतेस हे आवर्जून सांग. नियमित धावणाऱ्यांची विश्रांतीतली नाडी 50 च्या आसपास, कधी त्याहूनही खाली असू शकते. केस पेपरवर तशी नोंद नसेल, तर रात्री मॉनिटर ओरडायला लागतो आणि धावायची वेळ सिस्टरवर येते!

स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेजवळ अनेकदा ड्रेनची, म्हणजे जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी असते. ती निघेपर्यंत धावणं नाहीच. चालणं मात्र सर्जनने परवानगी दिली की लगेच, वॉर्डात का होईना. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते हवंच. गंमत म्हणजे पाय ठणठणीत असतात, अडतं ते हातापाशी. खांदा आखडला की हात मागे जात नाही आणि सगळी चाल बिघडते. म्हणून फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम कितीही कंटाळवाणे वाटले तरी चुकवू नकोस. घट्ट स्पोर्ट्स ब्राची घाई नको, टाके दुखावतात.

पुढे केमो लागली तर डॉक्सोरुबिसिन या औषधाआधी हृदयाचा इको (सोनोग्राफी) करतात, कारण ते हृदयावर परिणाम करू शकतं. तो रिपोर्ट नीट समजून घे. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाने तळपाय बधिर होऊ शकतात, तेव्हा खडबडीत रस्ते टाळ. केमो चालू असताना ताप आला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठ.

आणि जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव आत्ताच नोंदवू नकोस. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा (पॅथॉलॉजी) रिपोर्ट येऊ दे, मग बोलू.