यंत्र शिक्षण, यंत्र अध्ययन आणि 'सखोल' शब्दाची अडचण

प्रश्न असा आहे : 'मशीन लर्निंग'ला कोणी 'यंत्र शिक्षण' म्हणतात, कोणी 'यंत्र अध्ययन', 'डीप लर्निंग'ला 'सखोल शिक्षण' म्हटलेले दिसते, यंत्राने काहीतरी चुकीचे सांगितले की 'एआयला भ्रम झाला' असे लिहिले जाते. यांपैकी योग्य शब्द कोणते? शिवाय, एआय 'आला', 'आली' की 'आले'?

आधी मूळ नावाविषयी थोडे. जॉन मॅकार्थी, मार्व्हिन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन या शास्त्रज्ञांनी १९५५ साली अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयातल्या संशोधन-बैठकीचा प्रस्ताव लिहिला आणि त्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स', म्हणजेच 'एआय', हे नाव योजले. बैठक १९५६च्या उन्हाळ्यात झाली. त्यासाठी रूढ झालेला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा प्रतिशब्द मला चोख वाटतो. 'कृत्रिम'ला बनावटपणाचा वास येतो अशी तक्रार केली जाते. कृत्रिम हसू आणि कृत्रिम टंचाई या प्रयोगांत तो येतोही. पण 'कृ' धातूपासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'करणीने निर्माण झालेले' एवढाच आहे आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाने माणूस खरोखरच जगतो. 'कृत्रिम प्रज्ञा' हा पर्याय मात्र मला पटत नाही. मानसशास्त्रात 'बुद्धिमत्ता चाचणी' आणि 'बुद्ध्यंक' हे शब्द स्थिर झालेले आहेत, तर 'प्रज्ञा' म्हटले की स्थितप्रज्ञ आठवतो, आणि अजून कोणतेही यंत्र त्या पायरीच्या जवळपास पोहोचलेले नाही.

आता 'यंत्र शिक्षण'. मराठीत 'शिक्षण' शब्दाच्या आधी नाम आले की ते बहुतेक वेळा शिकण्याचा विषय सांगते : संगीत शिक्षण, कृषी शिक्षण. त्यामुळे 'यंत्र शिक्षण' वाचणाऱ्याला प्रथम यंत्रांविषयीचे शिक्षण, म्हणजे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमासारखे काहीतरी डोळ्यांसमोर येते. दुसरी अडचण अशी की 'शिक्षण' घेतलेही जाते आणि दिलेही जाते, म्हणून शिकणारा कोण आणि शिकवणारा कोण हे त्या शब्दावरून कळत नाही. शिक्षणशास्त्राच्या मराठीने हा गुंता पूर्वीच सोडवून ठेवला आहे : शिकणे ते अध्ययन, शिकवणे ते अध्यापन. त्या हिशेबाने 'यंत्र अध्ययन' उजवे ठरते.

तेही पूर्ण निर्दोष नाही, हे मान्य करायला हवे. समासातली षष्ठी दोन्ही बाजूंनी लागते. 'गुरूंचा शोध' म्हणजे गुरूंनी लावलेला शोध की शिष्याने घेतलेला गुरूंचा शोध, हे संदर्भाशिवाय ठरत नाही. तसेच 'यंत्राचे अध्ययन' म्हणजे यंत्राने केलेले की यंत्राविषयी केलेले, हा प्रश्न उरतोच. म्हणून मी स्वतः मथळ्यात किंवा पारिभाषिक यादीत 'यंत्र अध्ययन' लिहितो आणि मजकुरात 'यंत्र उदाहरणांवरून शिकते' असे सरळ क्रियापद वापरतो. मराठी वाक्य क्रियापदावर चालते आणि प्रत्येक ठिकाणी भाववाचक नाम रोवण्याची त्याला गरज नसते.

'उदाहरणांवरून' हा शब्द मी मुद्दाम घालतो, कारण 'शिकणे' म्हणण्याचे सगळे कारण त्यातच आहे. १९९७ साली बुद्धिबळात गॅरी कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लू या संगणकाचे बळ मुख्यतः माणसांनी ठरवून दिलेले निकष आणि प्रचंड वेगाने तपासलेल्या चाली यांत होते. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणता येईल, पण यंत्र अध्ययनाचे उदाहरण म्हणून तो चालणार नाही. याउलट आर्थर सॅम्युअल यांनी चेकर्स या पटावरच्या खेळाचा एक प्रोग्राम लिहिला, जो खेळता खेळता सुधारत जाई. १९५९च्या लेखात त्यांनी दाखवले की असा प्रोग्राम तो लिहिणाऱ्या माणसापेक्षाही चांगला खेळू शकतो. 'मशीन लर्निंग' हे नाव रूढ झाले ते याच लेखामुळे.

आजची भाषेची मॉडेले, म्हणजे मजकुरातला पुढचा शब्द ओळखत लिहिणारे प्रोग्राम, कशी शिकतात हे एका म्हणीवर पाहता येईल. मॉडेलसमोर 'नाचता येईना, अंगण' एवढेच शब्द ठेवायचे आणि पुढचा शब्द झाकायचा. सुरुवातीला ते 'मोठे', 'झाडले', 'ओले' असे काहीही सुचवेल. झाकलेला शब्द 'वाकडे' होता, म्हणजे अंदाज किती चुकला हे मोजता येते, आणि त्या मापानुसार मॉडेलच्या आतले आकडे किंचित सरकवले जातात. हीच कृती अफाट मजकुरावर पुन:पुन्हा केली की ते आकडे असे बसतात की 'वाकडे'ची शक्यता सर्वांत वर येते. या आकड्यांना मी 'भार' म्हणतो, कारण 'भारित सरासरी'मुळे त्या शब्दाचा गणिती अर्थ मराठीत आधीच ओळखीचा आहे. २०२०मध्ये आलेल्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये असे सुमारे १७,५०० कोटी आकडे होते.

'सखोल शिक्षण' हा तर मला सरळसरळ चुकलेला प्रतिशब्द वाटतो. मराठीत चौकशी सखोल असते, अभ्यास सखोल असतो. 'सखोल' म्हणजे मुळापर्यंत जाणारे, काही न सोडणारे. 'डीप लर्निंग'मधल्या 'डीप'चा या गुणाशी काही संबंध नाही. तिथे खोली मोजली जाते ती आकडेमोड करणाऱ्या जाळ्यातल्या थरांची : एका थरातून निघालेली उत्तरे पुढच्या थराला मिळतात, त्याची त्याच्या पुढच्याला. चित्रे ओळखणाऱ्या, २०१२ साली गाजलेल्या अॅलेक्सनेटमध्ये शिकणारे ८ थर होते. २०१५च्या रेसनेटची एक आवृत्ती १५२ थरांची होती. एवढे थर असलेले जाळे एखाद्या विषयात अगदी उथळही निघू शकते, आणि अशा वेळी 'सखोल शिक्षण घेतलेल्या यंत्राचे उथळ उत्तर' असे विचित्र वाक्य लिहिण्याची पाळी येते. 'बहुस्तरीय अध्ययन' म्हणावे. शब्द रुक्ष आहे, पण जे आहे तेच सांगतो.

शब्दशः भाषांतराचे असे आणखीही सापळे आहेत. 'ट्रान्सफॉर्मर'ला आपल्याकडे 'रोहित्र' हा चांगला शब्द आहे, पण तो विजेच्या खांबाजवळच शोभतो. २०१७ साली आलेल्या मॉडेल-रचनेला 'ट्रान्सफॉर्मर'च म्हणावे. नवा मजकूर किंवा चित्रे तयार करणाऱ्या एआयच्या 'जनरेटिव्ह' या विशेषणाला 'जननक्षम' म्हणण्याचा मोह झाला तर तो आवरावा, कारण तो शब्द जीवशास्त्राने कधीच घेतलेला आहे. 'निर्मितिक्षम' पुरेसा आहे. उलट याच ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात असलेल्या 'अटेन्शन'साठी मराठीत 'अवधान' हा नेमका शब्द तयार आहे. 'बशीत वाटी बसेना, कारण ती मोठी होती' या वाक्यात 'ती' म्हणजे वाटी. 'मोठी'च्या जागी 'लहान' घातले की तीच 'ती' बशी होते. दोन्ही नामे स्त्रीलिंगी असल्याने व्याकरण इथे मदत करत नाही. 'ती'चा अर्थ लावताना वाक्यातल्या कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचे, याचा हिशेब म्हणजे अवधान. २०१७च्या मूळ मॉडेलमध्ये असा हिशेब एकाच वेळी ८ वेगवेगळ्या प्रकारे चाले, म्हणजे शब्दशः अष्टावधान! प्रतिशब्द इतका चपखल बसण्याचा आनंद क्वचितच मिळतो.

राहिला 'भ्रम'. आपल्याकडे भ्रमाचे ठरलेले उदाहरण दोरीवर दिसणाऱ्या सापाचे आहे. तिथे दोरी खरी असते, पाहणारा खरा असतो आणि पाहण्यात चूक होते. समजा, यंत्राला एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती विचारली आणि त्याने कधीच न छापलेल्या कोशाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक ठामपणे सांगितले, तर त्यात दोरी कुठे आहे? दोरीच्या सापापेक्षा हे सशाच्या शिंगाला, शशशृंगाला जवळचे आहे. शिवाय 'भ्रम झाला' म्हटले की यंत्र एरवी वस्तुस्थिती पाहत असते आणि या वेळी त्याची नजर चुकली, असा समज होतो. प्रत्यक्षात बरोबर उत्तर आणि चुकीचे उत्तर एकाच रीतीने, संभाव्य शब्दापुढे संभाव्य शब्द ठेवत तयार होते. 'थाप' म्हणणेही अन्यायाचे आहे, कारण थाप मारणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते. बोलण्यात 'ठोकून दिले' हे सर्वांत जवळचे : माहीत असो वा नसो, उत्तर ठणठणीत. लेखनासाठी माझी पसंती 'कपोलकल्पित' या शब्दाला आहे. कपोल म्हणजे गाल. नुसत्या तोंडाने रचलेले ते कपोलकल्पित. 'यंत्राने दिलेला संदर्भ कपोलकल्पित निघाला' या वाक्यात यंत्राच्या मनाविषयी कोणताही दावा नाही आणि दोष मात्र स्वच्छ सांगितलेला आहे.

शेवटी लिंग. परभाषेतून आलेले नाम पुष्कळदा आपल्याकडच्या जवळच्या शब्दाचे लिंग घेते; बस आणि ट्रेन 'येते' ती गाडीच्या ओढीने. 'बुद्धिमत्ता' मनात असेल तर 'एआय आली' हे व्याकरणाला धरूनच आहे. पण आपण एरवी बोलतो ते एखाद्या तंत्रज्ञानाविषयी किंवा मॉडेलविषयी, आणि ते दोन्ही शब्द नपुंसकलिंगी आहेत, म्हणून मी 'एआय आले', 'एआय चुकले' असे लिहितो. 'एआय म्हणाला' मी टाळतो, कारण त्यात यंत्राचा नकळत माणूस होतो. ज्यांना हा वादच नको असेल त्यांच्यासाठी मराठीने वाट ठेवलेली आहे : 'एआयने उत्तर दिले', 'एआयने चूक केली' या वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्त्याचे लिंग कोणी विचारत नाही.