सहीचं पान आधी पाहा
वाचकांचे प्रश्न : विमानातली नोकरी आणि युनियनचा करार

नाशिकची बरीच मुलंमुली आता मुंबई, हैदराबाद, बंगळुरूच्या बेसवर (जिथून त्यांची ड्यूटी सुरू होते त्या विमानतळावर) केबिन क्रू म्हणून कामाला आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले युनियनचे करार इथे घराघरात ठाऊक असतात. विमानातल्या नोकरीचा करार मात्र वाद उभा राहिल्यावरच उघडला जातो. त्या विषयावरची ही काही पत्रं.

प्रश्न : मुलगी केबिन क्रू आहे, बेस मुंबई. तिथल्या युनियनने भत्त्यांचा करार केलाय. कंपनी म्हणते, ती सभासद नाही, म्हणून तिला लागू नाही. मी अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालो, आमच्याकडे करार सगळ्यांनाच लागायचा. नाशिकच्या कामगार उपायुक्तांकडे अर्ज करू का? – एक वडील, सिडको

उत्तर : तिथे करू नका, वेळ जाईल. विमान वाहतुकीतल्या औद्योगिक वादांसाठी केंद्र सरकारची यंत्रणा आहे, राज्याची नाही. तक्रार मुख्य कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्या मुंबईतल्या कार्यालयात जाते, आणि ती मुलीच्या किंवा युनियनच्या सहीने जायला हवी. वडिलांच्या अर्जावर कुणी सुनावणी लावत नाही.

पण त्याआधी करारनाम्याचं सहीचं पान मिळवा. समेटाची कार्यवाही, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंत तडजोड घडवण्याचं काम, चालू असताना त्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना बांधतो: सभासद असो-नसो, आज कामावर असो की उद्या लागो. तुमच्या कारखान्यात जुन्या कायद्याच्या कलमावरून ज्याला ‘बारा-तीनचा करार’ म्हणत, तो हाच. कंपनी आणि युनियनने आपापसात बसून केलेला ‘अठरा-एकचा’ करार फक्त त्यातल्या पक्षांना लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि कलमांचे आकडे बदलले, पण हा फरक कायम आहे. अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असेल तर कंपनीचं म्हणणं टिकणार नाही. नसेल, तर मुलीने सभासद व्हावं, किंवा ‘करार मला मान्य आहे, लाभ लागू करावेत’ असं पत्र कंपनीला देऊन एक प्रत युनियनला द्यावी. बऱ्याच करारांत अशा पत्राची सोय असते.

दुसरा नेहमीचा डाव म्हणजे ‘कराराची मुदत संपली’. मुदत संपली म्हणून करार आपोआप मरत नाही. तो संपवायला लेखी नोटीस लागते, आणि त्यानंतरही ६० दिवस तो चालतो. त्याहीपुढे, नवा करार होईपर्यंत जुन्याच सेवाशर्ती चालू राहतात, हे सर्वोच्च न्यायालयाने एलआयसीच्या प्रकरणात १९८० मध्येच सांगितलंय.

‘तुम्ही कामगार नाहीच, एक्झिक्युटिव्ह आहात’ हे उत्तर आलं तर घाबरू नका. कार्डावरचं पदनाम नव्हे, प्रत्यक्ष काम पाहिलं जातं.

प्रश्न : रिपोर्टिंग पहाटे चारला, विमान उशिरा म्हणून सुटलं आठला. पैसे मात्र उड्डाणाच्या तासांचेच. हे कायदेशीर आहे का? – के. एस., गंगापूर रोड

उत्तर : फ्लाइंग अलाउन्स बहुतेक ठिकाणी ब्लॉक अवर्सवर मोजतात, म्हणजे चाकांखालचे चोक (अडसर) काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. ड्यूटीचा कालावधी मात्र रिपोर्टिंगपासून सुरू होतो. विश्रांतीचा हिशेब ड्यूटीवर आणि पैशाचा हिशेब ब्लॉकवर, अशी ही दोन घड्याळं आहेत. मधल्या चार तासांचे पैसे मिळतील की नाही, हे करारच ठरवतो. त्यात तीन गोष्टी शोधा: महिन्याला किमान किती तासांची हमी आहे, स्टँडबायचा (बोलावणं येईल म्हणून तयार राहण्याचा) दर काय, आणि रिपोर्टिंगनंतर उड्डाण रद्द झालं तर काय मिळतं. तिन्हींबद्दल मौन असेल तर मागणीपत्रात घालायचं कलम तेच. याच मुद्द्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे दहा हजारांवर फ्लाइट अटेंडंट संपावर गेले आणि जमिनीवरच्या कामाचा मोबदला करारात आणून उठले.

करारात रक्कम आहे पण स्लिपमध्ये नाही, असं असेल तर पुरावा लागतो. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. ॲपवरचा रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) बदलला की जुना दिसेनासा होतो. म्हणून रोस्टर जाहीर होताच एक स्क्रीनशॉट आणि प्रत्येक बदलानंतर एक. सोबत साधी वही: तारीख, फ्लाइट नंबर, रिपोर्टिंग, चोक ऑफ, चोक ऑन. महिनाअखेर पगाराच्या स्लिपशी ताडून फरकाचा आकडा काढा आणि कंपनीतल्या तक्रार निवारण समितीकडे लेखी द्या. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ही समिती असावीच लागते. अर्जाला एक वर्षाची मुदत, निकालाला ३० दिवस. पटलं नाही तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे. एचआरला फोनवर सांगितलेलं यात धरत नाहीत.

प्रश्न : तिसरा महिना आहे. उड्डाण बंद झालं, ग्राउंड ड्यूटी दिली. मॅटर्निटीचा पगार कसा मोजतील? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : प्रश्न अगदी वेळेवर विचारलात. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातली प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त ८ आठवडे. अट एवढीच, की त्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. ग्राउंड ड्यूटीचे दिवसही त्यात येतात. बिनपगारी घरी बसवलं तर मात्र ८० चा आकडा तपासा.

खरी मेख सरासरीत आहे. रजेचा पगार ठरतो रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी वेतनावर. तुम्ही तर त्याआधीच जमिनीवर आलेल्या असता, म्हणजे त्या तीन महिन्यांत फ्लाइंग अलाउन्स शून्य. पगाराचा मोठा भाग गळतो आणि पुढचे सहा महिने त्याच लहान आकड्यावर जातात. यावर उपाय करारातच असू शकतो: ‘सरासरी शेवटच्या उड्डाणाच्या महिन्यांवर काढावी’ किंवा ‘ग्राउंड ड्यूटीत किमान हमीच्या तासांचा अलाउन्स चालू राहील’. तुमच्या करारात असं काही आहे का, हे आत्ताच युनियनकडून लेखी विचारून घ्या. रजा सुरू झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

या रजेवर असताना नोकरीवरून काढता येत नाही. पहिल्या गरोदरपणीच एअर होस्टेसला नोकरीतून काढण्याचा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याचं बंधन मात्र त्याच निकालात टिकलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

प्रश्न : रोस्टरवर सगळेच वैतागलेत. एकाच दिवशी सर्वांनी रजा टाकली तर? – नाव नको, नाशिक रोड

उत्तर : नव्या औद्योगिक संबंध संहितेत ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा हा संपच मानला आहे. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. बेकायदा संपाला १,००० ते १०,००० रुपये दंड, महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या क्रूने सामूहिक आजारपणाची रजा टाकली, तेव्हा कंपनीने २५ जणांना काढलं होतं. केंद्रीय कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि त्यांना परत घेतलं गेलं. त्या वेळी ही संहिता लागू नव्हती, म्हणून त्या सुटकेवर विसंबू नका. रीतसर नोटीस द्या. नोटीस गेली की समेटाची बैठक लागते, आणि आधी सांगितलेला सगळ्यांना लागणारा करार याच वाटेने होतो.

निलंबन झालंच, तर ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पहिले ९० दिवस ५० टक्के निर्वाह भत्ता, आणि विलंब तुमच्यामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के. कारणे दाखवा नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, पण माफीनाम्यावर सही करण्याआधी आरोपपत्राची आणि त्यातल्या कागदांची प्रत मागा.

प्रश्न : लेओव्हरच्या (दोन उड्डाणांमधल्या मुक्कामाच्या) हॉटेलात सहकाऱ्याने त्रास दिला. कंपनी म्हणते, ती जागा आमची नाही.

उत्तर : चूक. कामानिमित्त जावं लागणारी जागा आणि कंपनीची गाडी, दोन्ही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कामाचंच ठिकाण आहे. तीन महिन्यांच्या आत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा, आणि हॉटेलला आजच मेल करून त्या रात्रीचं सीसीटीव्ही जपून ठेवायला सांगा. फूटेज फार दिवस ठेवत नाहीत.