थेरपी मुलाची, पण आईच्या दमण्याचं काय?

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. आठवड्यातून दोनदा एसटीने थेरपीला नेते. घरी कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून किंचाळतो, भिंतीवर डोकं आपटतो, म्हणून डाळ पातेल्यात शिजवते तर सासूबाई म्हणतात गॅस किती जातो. नवरा चांगला आहे पण "तुला त्यातलं जास्त कळतं" म्हणून सगळं माझ्यावर. झोप लागत नाही. परवा पोरावर हात उचलला आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. सेंटरच्या मॅडम म्हणतात पालकांचं ट्रेनिंग आहे, करा, ताण कमी होईल. आता मी अजून एक क्लास करू का? त्याने खरंच काही होतं का? – एक आई, कराड

उत्तर : अगं, हात उचललास ते बरोबर नव्हतंच, पण वर्षभर धड न झोपलेली बाई कुठवर धरून ठेवणार गं? माझा लेक आता एकोणीसचा आहे, हे सगळं मी काढलंय, म्हणून सांगते, ट्रेनिंग कर. पण कुठलं ते आधी बघ, कारण एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली, मुलाशी कसं वागायचं हे शिकवणारी. जागतिक आरोग्य संघटनेचा २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी असाच कार्यक्रम आहे, नऊ वेळा गटात बसायचं आणि तीनदा शिकवणारे घरी येतात. आपल्या शेजारी गोव्यात आणि तिकडे रावळपिंडीत एक प्रयोग झाला, २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्यात डॉक्टर नव्हे तर शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते घरी जायचे, आई आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचे आणि मग तोच आईला दाखवायचे, की हे बघा, इथे तुम्ही दोन सेकंद थांबलात आणि त्याने तुमच्याकडे बघितलं. आया मुलाच्या कलाने घ्यायला लागल्या आणि मुलंही आपणहून जास्त संवाद साधायला लागली. असं काही हाताला लागलं ना की "माझं काय चुकतंय" हे जे डोक्यात दिवसभर चालू असतं ते थोडं थांबतं.

पण दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, फक्त आईसाठी असलेली. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑटिझम किंवा इतर अपंगत्व असलेल्या मुलांच्या २४३ आयांना दोन गटांत शिकवलं, सहा आठवडे, आठवड्याला दीड तास, २०१४ मध्ये ते छापून आलं. एका गटात श्वासाकडे, शरीराकडे लक्ष देणं, दुसऱ्यात अपराधीपणा, काळजी यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघणं. मुलांना त्यात काहीच शिकवलं नव्हतं, तरी दोन्हीकडे आयांचा ताण, उदासी, चिंता कमी झाली, श्वासाच्या गटात झोप जास्त सुधारली. आणि शिकवणाऱ्या कोण, तर अशाच मुलांच्या आया, खास तयार केलेल्या! मला तर हेच मोठं वाटतं, कारण समोरच्या बाईला डोकं आपटणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा मॅडमना सरळ विचार, यात आईच्या झोपेबद्दल, रागाबद्दल काही आहे का, बाकीचे पालक असतात का, वडील आले तर चालतं का. नुसती घरी करायच्या थेरपीची यादी हातात देणार असतील तर ते ट्रेनिंग नाही, ते तुझ्या डोक्यावर अजून एक काम. आणि "सहा महिन्यांत ऑटिझम बरा करतो" म्हणणारा कोणी भेटला तर पैसे देऊ नकोस.

नवऱ्याला पहिल्या दिवसापासून बरोबर ने, सगळं एकट्या बाईने शिकायचं आणि घरी येऊन सगळ्यांना शिकवायचं हे मला अजिबात पटत नाही. एखाद्या रात्री फारच नको नको झालं, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि कुकर. शिट्टी अचानक होते हा त्याचा मोठा त्रास आहे. गॅस लावायच्या आधी त्याला कुकर दाखव, "आता शिट्टी होणार" सांग, कान झाकणारे हेडफोन मिळतात ते घालून बघ, आणि शिट्ट्या होईपर्यंत बाबांनी त्याला खाली फिरवून आणायचं. हे काम त्यांचं, रोजचं. महिनाभराने कळव मला.