नेहमी मीच का फोन करायचा?

"मॅडम, आमच्या बॅचचे चौदा जण मुंबईत आहेत. गेल्या सहा वर्षांत त्यातले तिघं भेटले असतील, तेही एका लग्नात, ताट हातात धरून दहा मिनिटं."

मी समुपदेशक आहे आणि थोड्याफार फरकाने हे वाक्य फार वेळा ऐकते. कोल्हापूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर अशा ठिकाणच्या विद्यापीठांत शिकून नोकरीसाठी मुंबईत आलेली तिशी-चाळिशीची माणसं येतात. सुरुवातीची तक्रार वेगळीच असते. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, सुट्टीचा दिवस अंगावर येतो. दोन-तीन भेटी झाल्या की मग हे एकटेपण बाहेर पडतं आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, "नेहमी मीच का फोन करायचा?" म्हणून त्यातल्या एकीबद्दल लिहिते आहे. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. राहायला डोंबिवलीत, नोकरी अंधेरीच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. सकाळी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, संध्याकाळी तेच उलटं. मुलगा सात वर्षांचा. बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर रोज सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक. "कधीतरी भेटू या रे" असं वर्षातून चारदा कुणीतरी लिहायचं, त्याखाली अंगठे यायचे आणि विषय तिथेच संपायचा.

पहिल्या दोन भेटींत ती फक्त रागावलेली होती. मी तिला एक काम दिलं. वहीत चौदा नावं लिहायची आणि पुढे दोन रकाने: मी फोन केला, त्यांनी फोन केला. पुढच्या वेळी ती वही घेऊन आली. एका रकान्यात अकरा खुणा, दुसऱ्यात दोन.

"बघा ना. अकराला दोन. काय समजायचं माणसाने?"

"आता तिसरा रकाना काढा," मी म्हटलं. "त्यांचा निरोप आला आणि तुमचं उत्तर राहिलं."

"असं काही नाहीये."

"फोन आहे ना जवळ? बघून घ्या."

ती स्क्रीन खाली सरकवत गेली. बराच वेळ. एका जागी अंगठा थांबला. वसईत राहणाऱ्या तिच्या हॉस्टेलच्या रूममेटचा आवाजी निरोप होता, तीन मिनिटं बारा सेकंदांचा. आठ महिन्यांपूर्वीचा. न ऐकलेला.

"तेव्हा मुलगा तापाने पडला होता," ती म्हणाली. "म्हटलं निवांत ऐकू, नीट उत्तर देऊ. मग दिवस गेले. मग वाटायला लागलं, आता कुठल्या तोंडाने लिहू?"

"म्हणजे ती नकोशी झाली म्हणून नाही?"

"छे हो! दोन वर्षं एका खोलीत काढली आम्ही."

"तिने मात्र काय समजावं?"

ती काहीच बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने आपलं शहाणपण आवरायचं असतं. मिनिटभराने तिने स्वतःहून निरोप लावला. मैत्रिणीची नोकरी गेली होती. "अजून घरी नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही, तुलाच सांगतेय," असं ती त्यात म्हणत होती.

"आठ महिने, मॅडम," ती म्हणाली आणि रडली. मग वहीतल्या नावांवरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "या सगळ्यांकडेही असंच काहीतरी पडलेलं असेल."

माझ्या दृष्टीने सगळी भेट या एका वाक्यात होती. हेच मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा खुणा मोजल्या असत्या. स्वतःच्याच फोनमध्ये सापडलं म्हणून पटलं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडायला घेतलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे आणि ती वाढवणारे असे प्रसंग मला या कामात मिळत आले. "त्यांनी फोन केला तर मला आवडेल" ही इच्छा झाली. "त्यांनी करायलाच हवा" ही अट झाली. इच्छा अपुरी राहिली तर माणूस खट्टू होतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. अट मोडली की तो अपमान मानतो आणि हिशेब मांडून बसतो. मुंबईत प्रत्येकाचे दोन-तीन तास गाडीत जातात. इथे समोरच्याच्या गप्प राहण्याचा अर्थ नकार असा लावला, तर कुठलीही मैत्री टिकायची नाही.

राहिलेलं उत्तर कसं द्यायचं, तेही इथेच सांगते, कारण लोक तिथेच अडतात. खुलासा लांबवायचा नाही. तिने माझ्यासमोर लिहिलं: "आज ऐकलं. चुकलं माझं. रात्री साडेनऊला फोन करते, चालेल?" क्षमा एका ओळीत, पुढचं पाऊल वेळेसकट. अर्ध्या पानाचा माफीनामा पाठवला की समोरच्याला तेवढंच मोठं उत्तर लिहावंसं वाटतं आणि तोही मग ते उद्यावर ढकलतो.

मग नवे मित्र का जोडू नयेत, असंही काही जण विचारतात. जरूर जोडावेत. पण जेफ्री हॉल या अमेरिकी अभ्यासकाने मैत्रीला लागणारे तास मोजले आहेत. त्यांच्या हिशेबाने साध्या मैत्रीला साधारण ५० तास लागतात, जिवलग व्हायला २०० हून जास्त. महिन्याला दोन तास भेटलात तर २०० तासांना आठ वर्षांहून जास्त लागतील. हॉस्टेलच्या एका खोलीत, मेसच्या रांगेत, परीक्षेच्या रात्री ते तास महिन्याभरात भरतात. तुमच्या जुन्या सोबत्यांचे ते कधीच भरून झालेत. म्हणून माझा आग्रह असतो, आधी त्यांच्याकडे वळा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. नावांची यादी स्टेशनांप्रमाणे लावा. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, गाडी किती वेळा बदलावी लागते ते बघायचं. तिच्या चौदांपैकी सहा मध्य रेल्वेवर ठाणे ते बदलापूर, पाच पश्चिमेला बोरिवली ते विरार आणि तिघं हार्बरला खारघर-पनवेलकडे होते. सगळ्यांना जास्तीत जास्त एकदा गाडी बदलून गाठता येईल असं ठिकाण दादर. हार्बरवाल्यांनी कुर्ल्याला बदलायचं, बाकीचे थेट.

वार शनिवार. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो आणि निघण्याआधीच माणूस कंटाळतो. त्यातही दुसरा शनिवार, कारण सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात आणि प्रत्येक बॅचमध्ये दोन-तीन बँकवाले निघतातच. तारीख विचारायची नाही. ग्रुपवर मतदान टाकलं की चौदा जणांच्या चौदा अडचणी पुढे येतात आणि ज्याची तारीख मागे पडते तो मनातून गळतो. दर महिन्याचा दुसरा शनिवार, साडेपाच ते साडेसात, हे एकदाच ठरवून टाका. या वेळी नाही जमलं तर पुढच्या वेळी, हे मग आपोआप कळतं.

जागा शिवाजी पार्कचा कट्टा. दादरच्या हॉटेलांत शनिवारी संध्याकाळी बाहेर रांग असते, खाऊन झालं की उठावंच लागतं, आणि बिलाच्या आकड्यावरून कुणाचं कसं चाललंय ते उघडं पडतं. कट्ट्यावर चहाच्या पैशांत दोन तास बसता येतं. मात्र "दादरला भेटू" एवढंच लिहू नका, स्टेशनच्या पुलांवर आणि फुलबाजाराच्या गर्दीत अर्धा तास जातो. कट्टाही मैदानाभोवती लांबच लांब आहे. म्हणून "शिवरायांच्या पुतळ्याजवळ" अशी नेमकी खूण द्या आणि पोचल्यावर लोकेशन टाका. स्टेशनवरून चालत वीसेक मिनिटं लागतात.

निरोपाची भाषा आम्ही दोघींनी बसून घडवली. "कोण कोण येणार?" हा प्रश्न त्यातून काढला. उरलं ते असं: "शनिवारी साडेपाच ते साडेसात मी शिवाजी पार्कला, पुतळ्याजवळच्या कट्ट्यावर आहे. ज्याला जमेल त्याने या. उशिरा आलात, लवकर निघालात तरी चालेल." दहा दिवस आधी एकदा, आदल्या संध्याकाळी एकदा. तिसऱ्यांदा नाही, तिसरा निरोप तगादा वाटतो. साडेसातची हद्द महत्त्वाची. लहान मुलं घरी असलेल्या बायका ती दिसली तरच निघतात.

पहिल्या शनिवारी दोघंच आले. त्यातली एक वसईची मैत्रीण. माझ्याकडे येणारीला मी आधीच बजावलं होतं की दोघं आले तर भेट झाली असं धरायचं.

पहिले दोन-तीन महिने घरच्यांना आणू नये, गप्पा मुलांच्या शाळेवर घसरतात. पगार आणि फ्लॅटची चौकशी आपण होऊन करू नये. ज्याची नोकरी गेलीय किंवा लग्न मोडलंय, तो त्या प्रश्नाच्या धास्तीनेच येत नाही. रिसॉर्टवरची मोठी संमेलनं दर पाच वर्षांनी जरूर करा, पण ती फोटोंपुरती असतात. पैसे ज्याचे त्याने तिथल्या तिथे द्यावेत. निधी जमवला की हिशेब येतो आणि हिशेबातून रुसवे. काही उत्साही मंडळी लगेच संस्था नोंदवायला निघतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली त्यासाठी किमान सात सभासद लागतात, पुढे दरवर्षी हिशेबतपासणी, पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात त्या बदलाचा अहवाल, म्हणजे चेंज रिपोर्ट. शिष्यवृत्ती द्यायची असेल तर करा. गप्पांसाठी नको.

तो सुप्रभातवाला ग्रुपही सोडू नका, आवाज बंद करून ठेवा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की नोकरीची बातमी बहुतेकांना रोजच्या मित्रांकडून मिळत नाही, क्वचित भेटणाऱ्या ओळखीतून मिळते. जवळच्यांना आपल्यालाच माहीत असलेलं माहीत असतं. वसईच्या मैत्रिणीला मुलाखतीचा निरोप मिळाला तो त्याच ग्रुपमधल्या, कॉलेजात जेमतेम बोललेल्या एकाकडून.

जुलै-ऑगस्टमध्ये दादरचा हट्ट धरू नये. एका जोराच्या सरीत गाड्या रखडतात आणि घरी पोचायला रात्र होते. त्या दोन महिन्यांत आपापल्या मार्गावर भेटायचं, मध्यवाल्यांनी ठाण्यात, पश्चिमवाल्यांनी बोरिवलीत. आणि दिवाळीला गावी जायचंच असतं, तर कोल्हापूरला जाणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, एका तिकिटावर सहा जण बसतात. त्या तिकिटावर चढायचं स्टेशन एकच असतं, तेवढं आधी ठरवून घ्यावं. रात्रभराच्या प्रवासात कट्ट्याच्या चार भेटी वसूल होतात.

शेवटच्या भेटीला ती आली तेव्हा मी सवयीने विचारलं, "गेल्या शनिवारी कोण कोण होतं?"

"मला माहीत नाही मॅडम, मी गेलेच नव्हते. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं." तिने फोन पुढे केला. कट्ट्यावर पाच जण, हातात कागदी कप. "फोटो टाकलाय त्यांनी. खाली लिहिलंय, तुझी जागा धरून ठेवलीय."

वही तिने आणली नव्हती. मीही विचारली नाही.