औषध असून माणूस गेला, मग रिसर्चला जाऊन काय उपयोग?

प्रश्न: सर, मी रत्नागिरी जिल्ह्यातली, बारावी पीसीबी. आधीपासून रिसर्चला जायचं होतं. यंदा लावणीच्या वेळी काकांना घोणस चावली. आधी भगताकडे नेलं, मग पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात), तिथून पुढे पाठवलं आणि ते वाटेतच गेले. दादा म्हणतो एवढं सायन्स शिकून काय झालं, माणूस गेलाच ना. बाबा म्हणतात डॉक्टरकीची नीट परीक्षा दे, नाहीतर बँकेच्या परीक्षांना बस. काय करू?

उत्तर: काकांचं वाचून वाईट वाटलं गं. दादाला उलट बोलू नकोस, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने साधारण १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, आणि यावरचं औषध तर १८९० च्या दशकापासून आहे, फ्रान्सच्या अल्बर्ट काल्मेटने नागाच्या विषावरची लस (म्हणजे साप चावल्यावर द्यायचं प्रतिविष) केली तेव्हापासून. मग दादाने चिडू नये तर काय करावं?

पण नक्की कुठे अडलं ते बघ. लस आजही बरीचशी जुन्याच पद्धतीने बनते, घोड्याला थोडंथोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातून प्रतिपिंडं, म्हणजे विष निकामी करणारी प्रोटीन्स, काढायची. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, पण त्यासाठीचं विष बहुतेक तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सोसायटीकडून येतं आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, त्यामुळे सगळीकडे लस सारखी लागू पडत नाही. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची लॅब यावरच काम करते. हे झालं लॅबचं अपुरं काम, तुझ्यासारख्या मुलींनी करण्यासारखं. शिवाय लस रक्तातलं विष अडवते पण आधीच बिघडलेली किडनी काही ती दुरुस्त करत नाही, म्हणून भगताकडे गेलेला एकेक तास महागात पडतो. तो तास वाचवणं कुठल्याच लॅबच्या हातात नाही, त्याला रस्ता लागतो, गाडी लागते, पीएचसीत लस द्यायला न घाबरणारा डॉक्टर लागतो (लसीची रिअ‍ॅक्शन येईल म्हणून पुढे पाठवणारे खूप असतात) आणि गावाचा दवाखान्यावर विश्वास लागतो. भगताला नुसत्या शिव्या घालून काही होत नाही, तो रात्री दोन वाजता पण दार उघडतो.

आता तुमच्याच कोकणातलं दुसरं उदाहरण. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या पीएचसीत आले तेव्हा लाल विंचू चावून पोरंसोरं जायची. विषाने बीपी भडकायचं, हृदय थकायचं, फुफ्फुसात पाणी भरायचं, आणि गंभीर केसेसमधले तीसेक टक्के दगावायचे. त्यांनी रुग्णांजवळ बसून नोंदी ठेवल्या, नेमकं काय बिघडतंय ते ओळखलं आणि प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी वापरून बघितली. १९८६ मध्ये ते लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं आणि मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. औषध कंपनीने आधीच बनवलेलं होतं, ते विंचवासाठी चालेल हे मात्र कोकणातल्या एका गावाकडच्या डॉक्टरला दिसलं, आणि नंतर इतर डॉक्टरांना ते शिकवत राहिले म्हणून ते पसरलं. मला स्वतःला या गोष्टीतला शिकवत राहण्याचा भाग जास्त मोठा वाटतो, पेपर तर खूप छापतात लोक.

म्हणून सायन्स चांगलं की वाईट यावर करिअर ठरवू नकोस, यातलं कुठलं काम तुला रोज करवेल त्यावर ठरव. विष, प्रोटीन, जीन्स यात रमत असशील तर आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा दे, पुण्यातच आयसर आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस. पेशंटसमोर उभं राहायचं असेल तर नीट दे, एमबीबीएस करून रिसर्च बंद होत नाही हे वर बघितलंसच. नीटवरूनच बीव्हीएससीला (जनावरांच्या डॉक्टरकीला) पण जाता येतं, लस बनवणाऱ्या घोड्यांना डॉक्टर लागतोच की, पण हे कोणी मुलांना सांगत नाही. आणि लस पीएचसीत वेळेवर का मिळाली नाही हाच प्रश्न डोक्यातून जात नसेल तर आधी कुठलीही पदवी घे, मग मुंबईत टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला) पब्लिक हेल्थचा मास्टर्स आहे. लॅब आवडते की नाही हे माहीत नसताना फक्त काकांसाठी म्हणून रिसर्चला जाऊ नकोस, पीएचडीत वर्षानुवर्षं एक्स्पेरिमेंट फसतात आणि तेव्हा असा संकल्प पुरत नाही.

बाबांना पैशाची काळजी आहे, ती रास्त आहे. त्यांना सांग की पीएचडीला जेआरएफ ही सरकारी फेलोशिप मिळाली तर सुरुवातीलाच महिना ३७,००० मिळतात, पण ती मिळेलच असं नाही आणि पर्मनंट नोकरी लागेपर्यंत तिशी उलटू शकते, हेही लपवू नकोस. यावर्षी नीट आणि आयएटी दोन्हीचे फॉर्म भर, अभ्यास बराचसा एकच आहे, आयएटीत मॅथ्स पण असतं तेवढं वेगळं कर. बँकेच्या परीक्षा ग्रॅज्युएशननंतर पण देता येतात, त्यासाठी आत्ता सायन्स सोडायची गरज नाही.