प्रिंटर घेण्याआधी टोनरचा भाव विचारा

प्रश्न : आमचे करसल्लागाराचे छोटे ऑफिस आहे. चार संगणक, दिवसाला साधारण ५० पाने, सगळी काळी-पांढरी. शिवाय अशिलांच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स. दुकानदार सर्वांत स्वस्त लेझर प्रिंटर सुचवतो आहे. घ्यावा का? (चिपळूण)

उत्तर : दिवसाला ५० म्हणजे कामाचे २५ दिवस धरून महिन्याला १,२५०, तीन वर्षांत ४५,००० पाने. एवढ्या छपाईत यंत्राच्या किमतीपेक्षा टोनरचा (लेझरच्या भुकटी शाईचा) खर्च कितीतरी पटीने जास्त होतो. म्हणून आधी टोनरचा भाव आणि त्याची पाने विचारा आणि भागाकार करा. समजा, ३,००० रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये (टोनरच्या डबीत) १,५०० पाने निघत असतील, तर पान दोन रुपयांना पडले, कागद वेगळाच. खोक्यावरचा पानांचा आकडा मात्र पानाचा ५ टक्केच भाग काळा होईल असे धरून काढलेला असतो. साध्या पत्राला तो जुळतो. राखाडी पट्ट्यांचे तक्ते आणि गच्च भरलेली विवरणपत्रे छापली की पाने बरीच कमी निघतात. नव्या प्रिंटरसोबतचे ‘स्टार्टर’ कार्ट्रिजही बहुधा कमी टोनरचे असते, त्यावरून हिशेब करू नका.

मग ड्रम, म्हणजे टोनर कागदावर उमटवणारा रोलर. एचपी, कॅननच्या बऱ्याच लहान मॉडेलांत तो कार्ट्रिजमध्येच असतो. ब्रदरमध्ये वेगळा असतो आणि साधारण १२,००० पाने चालतो, म्हणजे तुमच्याकडे नऊ-दहा महिने. तो खर्च तुलनेत धरायचा राहून जातो. एकत्र कार्ट्रिज बाहेरून रिफिल करून घेणार असाल, तर दोन-तीन वेळा भरल्यावर ड्रम आणि वायपर ब्लेडही (ड्रम पुसणारी पट्टी) बदलून मागा. नुसता टोनर भरत राहिलात तर पाने करडी पडतात, काळ्या रेषा येतात.

तुमच्या कामाला पाठपोट छपाई आपोआप करणारा, लॅन पोर्ट (नेटवर्क केबलची खाच) असलेला, वर काच आणि कागद ओढणारा फीडर असलेला ऑल-इन-वन घ्या. आधार कार्डासाठी काच लागते आणि वीस पानी करारासाठी फीडर. जाहिरातीतल्या ‘महिन्याला इतकी हजार पाने’ या कमाल क्षमतेकडे दुर्लक्ष करा. माहितीपत्रकात शिफारस केलेली मासिक पाने वेगळी दिलेली असतात, ती बघा. इंक टँक (पातळ शाई भरायच्या टाकीच्या) प्रिंटरचे पान स्वस्त पडते हे खरे, पण त्यांतल्या पुष्कळांची शाई पाण्याने पसरते. सही-शिक्क्याच्या कागदाला लेझरच बरा.

प्रश्न : वाय-फायवर जोडलेला प्रिंटर दर काही दिवसांनी ‘ऑफलाइन’ होतो. पुन्हा इन्स्टॉल केला की चालतो. (नाशिक)

उत्तर : यंत्र बहुधा ठीक आहे, त्याचा पत्ता बदलतो आहे. वीज जाऊन आली की राउटर प्रिंटरला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतो आणि संगणक जुन्याच आयपीवर काम पाठवत बसतो. प्रिंटरवरून कॉन्फिगरेशन पान छापा. त्यावरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (पत्ता राखून ठेवायच्या सेटिंगमध्ये) टाकून एक आयपी कायमचा राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२००. मग प्रत्येक संगणकावर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, ‘ॲड पोर्ट’ या वाटेने ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून तोच आयपी द्या. विंडोज स्वतःहून करते तो ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट सोडून द्या, निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. जमेल तिथे वाय-फायऐवजी केबल लावा. वाय-फायच ठेवायचे असेल तर बरेच लहान प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात हे ध्यानात असू द्या.

तिथेच असताना कागदाचा आकारही बघा. ड्रायव्हरमध्ये ‘लेटर’ राहिले आणि ट्रेमध्ये ए-४ असले, की दिवा लुकलुकतो, प्रिंटर कागद मागत थांबतो आणि सगळे जण कागद अडकला म्हणून झाकण उघडतात.

प्रश्न : पावसाळ्यात दोन-तीन कागद एकदम ओढले जातात, पाने वळून बाहेर येतात. (रत्नागिरी)

उत्तर : ओल. कागद हवेतले पाणी शोषतो, एकमेकांना चिकटतो आणि फ्युजरच्या (टोनर वितळवून कागदावर बसवणाऱ्या भागाच्या) उष्णतेत ते पाणी उडताना वाकतो. ५०० कागदांचे रिम फोडून ट्रे भरून ठेवू नका. दिवसभराला पुरतील तेवढेच घाला, बाकीचे वेष्टनातच गुंडाळून ठेवा. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद दमट हवेत जास्त त्रास देतो, ७५ किंवा ८० घ्या. तरी ओढाओढ सुरूच राहिली तर पिकअप रोलर (कागद ओढणारा) आणि सेपरेशन पॅड (कागद सुटे करणारे) किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. गुळगुळीत झाले असतील तर दोन्ही बदला. जाड बाँड पेपरवर अक्षरे बोटाने पुसली जात असतील तर ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार ‘बाँड’ किंवा ‘हेवी’ करा, फ्युजर जास्त तापतो.

प्रश्न : संगणकाच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर लेझर प्रिंटर लावला तर? (पुणे)

उत्तर : लावू नका. फ्युजर तापताना काही क्षण यंत्र हजार वॉटच्या आसपास ओढू शकते. यूपीएस बंद पडेल आणि संगणकही सोबत जाईल. अर्थिंग असलेल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये थेट लावा.

प्रश्न : पानावर ठरावीक अंतराने तोच काळा ठिपका येतो. (बेळगाव)

उत्तर : पट्टीने अंतर मोजा. लहान कार्ट्रिजमध्ये ते साधारण ७५ मिलिमीटर भरले तर ड्रमवर ओरखडा आहे, कार्ट्रिज बदला. वेगळे भरले तर दुसरा एखादा रोलर. सर्व्हिसवाल्याला तोच आकडा सांगा. तपासायला ड्रम बाहेर काढलात तर उजेडात ठेवू नका. टोनर कपड्यावर सांडला तर गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो कपड्यात पक्का बसतो.